वाचकांचे प्रश्न : बोटीच्या पोटातून पाण्याचा ठाव

प्रश्न : आम्ही चौघा मित्रांनी वॉटर स्कीइंगसाठी बनवलेली फायबरची एक जुनी बोट मुंबईहून विकत आणली आहे. तिचे इंजिन मध्यभागी असून पंखा मागच्या फळीच्या बऱ्याच पुढे, तळाखाली आहे. धरणाच्या फुगवट्यावर ती चालवण्याची रीतसर परवानगी मिळाल्यावर तिला खोलीमापक यंत्र बसवावे असे ठरले. यंत्रासोबतच्या माहितीपत्रकात ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग, मागच्या फळीला बाहेरून स्क्रूने बसवा, असे लिहिले आहे. परंतु तिथे पंख्याचा सगळा फेस येतो, शिवाय स्कीवरचा माणूस बोटीत चढतो तोही तिथूनच. तळाला भोक पाडण्याचे धाडस आम्हाला होत नाही. ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूने तळाला चिकटवला तरी चालतो, असे एका परिचिताने सांगितले. हे खरे आहे काय, आणि असल्यास ते कसे करावे?
— एक वाचक, माजलगाव, जि. बीड

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे खरे आहे. तुमच्यासारख्या बोटीसाठी तर मी हीच पद्धत पहिल्या पसंतीची मानतो. मात्र ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासून खालच्या पाण्यापर्यंतच्या वाटेत हवेचा थर कुठेही राहता कामा नये. ही अट मोडली तर यंत्र कितीही महागाचे असले तरी त्याला काही दिसणार नाही.

ही अट एवढी कडक का, हे यंत्राच्या कामावरून कळते. ट्रान्सड्यूसरमध्ये एक चकती असते. विजेचा झटका मिळाला की ती थरथरते आणि बाहेरून थरथर पोचली की उलट वीज निर्माण करते. काही पदार्थांचा हा गुण क्युरी बंधूंनी 1880-81 मध्ये दाखवून दिला होता. ही चकती सेकंदाला साधारण दोन लाख वेळा कंप पावणारा, आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज खाली सोडते आणि तळावरून परत आलेला प्रतिध्वनी टिपते. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर जातो, म्हणजे हवेतल्याच्या चौपटीहून जास्त वेगाने. तीन मीटर खोलीचा प्रतिध्वनी अवघ्या चार सहस्रांश सेकंदांत परत येतो आणि त्या वेळेवरून यंत्र खोली काढते. भरीव फायबर आणि पाणी यांच्या सीमेवरून आवाज बऱ्यापैकी पार होतो. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर मात्र त्याच्या शक्तीचा हजारातला जेमतेम एक भाग पलीकडे जातो आणि उरलेला सगळा माघारी फिरतो. चिकटवणीत अडकलेला कागदाच्या जाडीचा हवेचा पापुद्राही या आवाजाला भिंतीसारखा आडवा येतो.

म्हणून आधी तळाची तपासणी करावी. काही बोटींच्या तळात फायबरच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड किंवा फोम भरलेला असतो. त्यामुळे बोट हलकी आणि ताठ होते, पण त्या भरणीत हवाच हवा असल्याने आवाज तिथेच मरतो. आपल्या बोटीचा तळ भरीव आहे की पोकळ भरणीचा, हे ओळखण्यासाठी बाजारात माठ घेताना आपण जे करतो तेच करावे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने जागोजागी टिचकी मारून आवाज ऐकावा. भरीव जागी तो टणक आणि स्वच्छ येतो, भरणीच्या जागी बद्द येतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाणी सोडण्याच्या बुचाचे किंवा तळातल्या एखाद्या जुन्या जोडणीचे भोक उघडून त्याची कड विजेरीने पाहणे. भाकरीच्या पापुद्र्यांसारखे फायबरचे थर सलग दिसले तर उत्तम. मध्ये लाकडाचा किंवा फोमचा रंग दिसला तर ती जागा सोडावी. भरणी असलेल्या बोटींतही काही भाग पुष्कळदा भरीव ठेवलेले असतात, तेव्हा एका जागी नकार आला म्हणून बेत सोडू नये.

यानंतरचा प्रश्न जागेचा. आपल्या बोटीसाठी मागच्या फळीजवळची जागा योग्य नाही, कारण तिथून वाहणारे पाणी पंख्याने घुसळलेले असते आणि घुसळलेले पाणी म्हणजे बुडबुडे. जागा पंख्याच्या पुढची हवी. मात्र ती फार पुढची घेतली तर वेग घेताना बोटीचे नाक उचलले जाते, तो भाग पाण्याबाहेर येतो आणि यंत्र नेमके हवे तेव्हाच आंधळे होते. म्हणून इंजिनाच्या आसपासचा, पंख्याच्या अलीकडचा आणि कण्याच्या शक्य तितक्या जवळचा पट्टा पाहावा. तिथेही बरोबर पुढे इंजिनाचे पाणी ओढणारी जाळी, बोट सरळ ठेवणारी पाती किंवा तळाला लांबट उंचवटा नाही, याची खात्री करून घ्यावी. या प्रत्येकाच्या मागे बुडबुड्यांची एक शेपटी तयार होते. बोट ट्रेलरवर असताना खाली आडवे होऊन, बाहेरच्या या वस्तूंची अंतरे बुचाच्या भोकापासून मोजून आत खडूने उतरवून घेतली की गल्लत होत नाही. स्की बोटींत लांबट तुळयांच्या मधली जागा अनेकदा फोमने भरून वर फरशी घातलेली असते. तेव्हा हात पोहोचेल असा उघडा तळ इंजिनाखालच्या पन्हाळीतच मिळेल, आणि सुदैवाने आपल्याला हवी असलेली जागाही तिथेच आहे.

जागा ठरली तरी चिकटवण्याची घाई करू नये. बोट पाण्यात उतरवावी. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी घेऊन त्यात ट्रान्सड्यूसर ठेवावा, आतला तळ ओला करून ती पिशवी निवडलेल्या जागी दाबून बसवावी आणि यंत्रावरचा आकडा लिहून ठेवावा. मग तोच ट्रान्सड्यूसर बोटीच्या कडेवरून पाण्यात सोडून त्याच ठिकाणची खोली पुन्हा पाहावी. दोन आकड्यांत तळाची जाडी आणि बुडालेला भाग एवढाच, म्हणजे काही इंचांचा फरक आला, तर जागा पास झाली. ही परीक्षा गुडघाभर पाण्यात घेऊन समाधान मानू नये. फायबरमधून जाताना आणि येताना आवाजाची काही शक्ती खर्च होते आणि तो तोटा खोल पाण्यातच उघडा पडतो. तरीही आपल्या भागात त्याची फार धास्ती नको. नाथसागराचेच, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, उदाहरण घेतले तर पूर्ण भरल्यावर सुमारे 2909 दशलक्ष घनमीटर पाणी सुमारे 350 चौरस किलोमीटरवर पसरते, म्हणजे सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच येते. समुद्रात शेकडो मीटरचा ठाव घेणाऱ्यांची अडचण मराठवाड्यातल्या उथळ, पसरट धरणांना लागू होत नाही. जाता जाता एक सांगतो. नवे यंत्र अनेकदा दुकानातल्या नमुना-चित्रावरच लावलेले असते. अंगणात, ट्रेलरवर उभ्या असलेल्या बोटीत पडद्यावर सुंदर तळ आणि पोहणारे मासे दिसले, तर हुरळून न जाता आधी ते चित्र बंद करावे.

आता चिकटवणे. इथे मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. स्नानगृहात वापरतात ते सिलिकॉन हाताशी होते, म्हणून पहिला ट्रान्सड्यूसर मी त्यानेच बसवला. वरून तो घट्ट दिसत होता, पण आत बुडबुडे राहिले होते आणि सिलिकॉन मऊ असल्याने उरलेला आवाजही त्याने गिळला. बोट थांबलेली असताना खोली दिसे आणि जरा वेग घेतला की आकडे गायब होत. दोन रविवार मी यंत्राला दोष देण्यात घालवले. त्यामुळे सिलिकॉन नको. हाताने मळून लावायची एम-सीलसारखी लुगदीही नको, कारण मळतानाच तिच्यात हवा शिरते. रेझिन आणि हार्डनर अशा दोन भागांत मिळणारे, सावकाश घट्ट होणारे पातळसर इपॉक्सी घ्यावे. पाच मिनिटांत वाळणारे घेऊ नये, कारण बुडबुड्यांना वर यायला वेळच मिळत नाही.

इंजिनाखालच्या पन्हाळीत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते, म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने ती जागा दोन-तीनदा धुऊन पूर्ण वाळू द्यावी. रंग असेल तर खरवडून काढावा, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने फायबर उघडे आणि खरखरीत करावे, मग स्वच्छ फडक्याने अ‍ॅसिटोन फिरवावे. अ‍ॅसिटोन भडकणारे आहे आणि आपण पेट्रोलच्या इंजिनाशेजारी बसलो आहोत, तेव्हा बॅटरीची तार आधी काढावी आणि सगळी झाकणे उघडी ठेवावीत. ट्रान्सड्यूसरचे तोंडही पॉलिश पेपरने अगदी हलके घासावे. नंतर मुलांच्या खेळण्याची माती किंवा खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी घेऊन ट्रान्सड्यूसरपेक्षा थोडे मोठे आळे करावे, रोपाला पाणी देताना करतो तसे. इपॉक्सीचे दोन भाग काडीने सावकाश, न फेटता मिसळावेत आणि आळ्यात पाव इंच थर ओतावा. बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबावे, राहिलेले सुईने फोडावेत. मग ट्रान्सड्यूसर एका कडेने तिरका टेकवून, हलका पीळ देत खाली बसवावा, म्हणजे तोंडाखालची हवा दुसऱ्या कडेने निघून जाते. वर थोडे वजन ठेवून चोवीस तास बोटीला हात लावू नये.

हे काम पहाटे करावे, ही सूचना कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, पण मराठवाड्यात ती पाळावीच लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की इपॉक्सी घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यातल्या दुपारी, बेचाळीस अंशांत, बंद बोटीच्या पोटात सावकाश वाळणारे इपॉक्सीही पाच मिनिटांवाल्यासारखे वागू लागते आणि डबीत जास्त राहिले तर स्वतःच तापून धूर सोडते. एका वेळी लागेल तेवढेच मिसळावे. शक्य असल्यास सरळ दिवाळीनंतरचा मुहूर्त धरावा.

बोट पाण्यावर सपाट असताना ट्रान्सड्यूसरचे तोंड गवंड्याच्या ओळंब्याच्या रेषेत खाली पाहत असावे. स्की बोटींचा मागचा तळ बराच सपाट असल्याने ही अडचण सहसा येत नाही आणि दहा-बारा अंशांपर्यंतचा कल साधा ट्रान्सड्यूसर खपवून घेतो. त्याहून जास्त उतार असेल तर तळाच्या कोनात कापलेली प्लास्टिकची छोटी टाकी आत चिकटवून, ती तेलाने भरून, ट्रान्सड्यूसर तिच्यात सरळ बुडवतात. तयार टाक्याही मिळतात. टाकीत पाणी भरले तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते महिनाभरही टिकणार नाही. लिक्विड पॅराफिन चालते, आणि एरंडेलही उत्तम चालते. एरंडेलात आवाजाचा वेग पाण्याच्या अगदी जवळचा असल्याने पाण्याखालच्या ध्वनियंत्रांत ते फार पूर्वीपासून वापरले जाते.

वायर जास्त झाली म्हणून कापू नये, सैल वेटोळे करून बांधावी. इंजिनाच्या ठिणगीच्या वायरींपासून ती दूर न्यावी, नाहीतर इंजिन सुरू होताच पडद्यावर पावसाच्या सरी दिसू लागतात. यंत्राला बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज द्यावा.

आतून बसवलेल्या ट्रान्सड्यूसरला काही गोष्टी जमत नाहीत, त्याही सांगायला हव्यात. त्याचा तापमानाचा आकडा पाण्याचा नसून बोटीच्या तळाचा असतो. वेग मोजणारे चाक अर्थातच निकामी ठरते. बाजूचे चित्र दाखवणारे महागडे ट्रान्सड्यूसर असे आतून वापरता येत नाहीत, तेव्हा साधाच घ्यावा. दोन-तीन फुटांहून कमी पाण्यात बहुतेक यंत्रे गोंधळतात.

मात्र सर्वांत मोठी मर्यादा बसवण्याच्या पद्धतीची नाही, यंत्राचीच आहे, आणि स्कीइंगसाठी बोट घेणाऱ्यांनी ती आधी समजून घ्यावी. यंत्र सरळ खाली पाहते, पुढे पाहत नाही. नेहमीच्या वीस अंशांच्या झोतात खोलीच्या सुमारे एक तृतीयांश व्यासाचे वर्तुळ येते, म्हणजे तीन मीटर पाण्यात जेमतेम एक मीटरचे. ताशी 40 किलोमीटरने बोट सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. पडद्यावर बाभळीचा खुंट उमटेपर्यंत तो मागे पडलेला असतो, आणि दोराच्या टोकाला असलेला माणूस त्याच्याकडे येत असतो. आपल्या धरणांत बुडालेली झाडे, जुन्या वस्त्यांच्या भिंती आणि विहिरींची बांधकामे आहेत. काठाला शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि दोर पाण्यात लांबवर गेलेले असतात, ते तर यंत्राला बहुधा दिसतही नाहीत. म्हणून स्कीइंगचा पट्टा आधी सावकाश, जवळजवळच्या समांतर रेषांत, शेताला पाळी घालावी तसा पूर्ण फिरून तपासावा आणि त्याबाहेर वेग घेऊ नये. यंत्रात ट्रान्सड्यूसरपासून पंख्याच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर वजा करण्याची सोय असते, ती वापरावी आणि धोक्याची घंटा सात फुटांवर लावावी. हा सात फुटांचा आकडा माझा आहे. कमी वाटला तर वाढवावा, कमी मात्र करू नये.

प्रश्न : आमची मासेमारीची होडी लोखंडी पत्र्याची आहे आणि सोबत थर्माकोलचा चप्पू (छोटा तराफा) आहे. यांतही आतून चिकटवता येईल का?
— एक वाचक, पैठण तालुका

उत्तर : दोन्हींत नाही. पत्र्यातून आवाज जाताना इतका क्षीण होतो की उरलेल्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि थर्माकोल म्हणजे तर कोंडलेली हवाच. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून पट्टी लावून ट्रान्सड्यूसर पाण्यात बुडेल असा बसवावा. चप्पूला बांबूच्या टोकाला बांधून कडेने सोडला तरी पुरे. तोंड सरळ खाली राहील आणि जाळे त्यात अडकणार नाही, एवढे पाहावे. पूरबचावाच्या हवा भरलेल्या रबरी बोटींनाही हेच उत्तर लागू आहे.

प्रश्न : आमच्या बोटीतले यंत्र काही ठिकाणी अचानक दुप्पट खोली दाखवते. बांबूने पाहिले तर पाच फूट पाणी लागते आणि यंत्र दहा म्हणते. दुसऱ्या एका जागी ते दोन फूट दाखवते, तिथे बांबूला तळच लागत नाही. यंत्र बिघडले आहे काय?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : यंत्र शाबूत आहे असे दोन्ही लक्षणांवरून वाटते. जिथे ते दुप्पट सांगते, तिथे तळाला बहुधा उघडा काळा पाषाण असावा. उथळ पाण्यात कठीण खडकावरून आलेला प्रतिध्वनी पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो आणि दुसऱ्यांदा परततो. पहिला फारच लवकर आल्याने यंत्राच्या हातून निसटतो आणि ते दुसऱ्यालाच तळ समजते. संवेदनशीलता हाताने कमी केली की हा भास जातो. दोन फुटांच्या जागी पाणवनस्पतींचे दाट जाळे असणार. पानादेठांत अडकलेल्या बुडबुड्यांवरूनच आवाज परत फिरतो आणि यंत्र झाडोऱ्यालाच जमीन मानते. गाळाची तऱ्हा तिसरीच असते. काळ्या मातीचा ताजा, पातळ गाळ प्रतिध्वनी दुबळा देतो, पडद्यावर तळाची रेघ जाड आणि फिकट दिसते, आणि यंत्राने सांगितलेल्या खोलीच्या खाली बांबू हातभर सहज रुततो. तेव्हा यंत्र आले म्हणून बांबू फेकून देऊ नये.

प्रश्न : वर्तमानपत्रात जायकवाडीची पातळी 1510 फूट वगैरे येते. आमच्या संस्थेच्या बोटीवरचे यंत्र मात्र पंधरा-वीस फूटच दाखवते. या दोहोंचा मेळ कसा घालावा?
— एक वाचक, गंगापूर तालुका

उत्तर : वर्तमानपत्रातला आकडा खोलीचा नसतो, पाण्याच्या पृष्ठभागाची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यात दिलेली असते. जायकवाडी 1522 फुटांवर पूर्ण भरते. आपले यंत्र त्याच पृष्ठभागापासून खालच्या जमिनीपर्यंतचे अंतर सांगते, त्यामुळे पातळीतून यंत्राचा आकडा वजा केला की त्या ठिकाणच्या जमिनीची उंची मिळते. पातळी 1510 असताना यंत्र अठरा फूट दाखवत असेल, तर खालची जमीन 1492 फुटांवर आहे. मात्र यासाठी यंत्राला खोली पृष्ठभागापासून मोजायला सांगितलेले असावे. पहिल्या उत्तरात पंख्याच्या टोकापासून मोजायला सांगितले आहे, ते सुरक्षिततेसाठी होते.

ही वजाबाकी फावल्या वेळचा खेळ नाही. नाथसागरात पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरा होतो आणि पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. पाणी वर्षभरात एवढे हलत असताना “अमक्या टेकाडावर नऊ फूट पाणी आहे” ही नोंद दोन महिन्यांत खोटी ठरते. म्हणून वहीत प्रत्येक खोलीशेजारी त्या दिवसाची धरणाची पातळी लिहावी. 1515 फुटांना ज्या जुन्या पारावरून आपली बोट नऊ फूट पाण्यातून निर्धास्त गेली, त्याच पारावर 1508 फुटांना दोनच फूट पाणी उरते, आणि आपल्या बोटीचा पंखा तेवढ्यात मावत नाही.